अँटिव्हायरस जुना, हल्ला नवा

परभणी : संगणकात अँटिव्हायरस टाकला की चिंता मिटली, हा समज मोंढ्यातील आडत दुकानापासून तालुक्याच्या गावातील सेवा केंद्रापर्यंत अजूनही आढळतो. ज्या काळात तो रुजला, त्या काळात तो फारसा चुकीचाही नव्हता.

फ्लॉपीतून विषाणू पसरत, त्या दिवसांत पुण्यात दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आणले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतच विषाणू सापडत. त्यांचा बंदोबस्त करण्याच्या गरजेतून हे उत्पादन जन्मले. विषाणूचा नमुना हाती लागला की त्याचे ओळखचिन्ह शोधायचे, ते यादीत घालायचे आणि ती यादी ग्राहकांपर्यंत पोहोचवायची, ही पारंपरिक अँटिव्हायरसची रीत. पोलीस ठाण्यातील फलकावर सराईत गुन्हेगारांची छायाचित्रे लावावीत, तसाच हा प्रकार. ज्याचे छायाचित्र फलकावर नाही, तो निर्धास्तपणे आत शिरणार. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक प्रोग्रॅमची नोंद करते. एवढी छायाचित्रे लावायला फलक पुरणार कुठून?

म्हणून आधुनिक संरक्षण प्रणाली चेहऱ्याबरोबरच वर्तनावरही नजर ठेवते. एखादा प्रोग्रॅम एकाएकी शेकडो फायली कुलूपबंद करू लागला किंवा बॅकअप पुसू लागला, तर तो अनोळखी असला तरी त्याला रोखले जाते. शंका आल्यास दूरच्या सर्व्हरकडे विचारणा होते. इंटरनेट खंडित झाले तर मात्र या संरक्षणाचा हा भाग दुबळा पडतो. शिवाय या प्रणालींना संगणकाच्या गाभ्यापर्यंत प्रवेश द्यावा लागतो. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्यामागे कोणताही हल्लेखोर नव्हता!

तरीही खरी मेख अँटिव्हायरसच्या बाहेरच आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक वेठीस धरले. त्याने वापरलेली विंडोजमधील फट बुजविणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिले होते. पुढच्याच महिन्यात ‘पेट्या’च्या हल्ल्याने न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्या हल्ल्याचा उगम युक्रेनमधील एका विश्वासू लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर कोण संशय घेणार?

विंडोज ७ चे पाठबळ जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा संगणकावर दरवर्षी अँटिव्हायरसचे नूतनीकरण करणे म्हणजे कोसळत्या भिंतीला नवे कुलूप लावणे. त्यापेक्षा अद्ययावत विंडोजमधील मोफत ‘डिफेंडर’ आणि हिशेबाची एक प्रत संगणकापासून अलग ठेवलेल्या हार्डडिस्कवर, एवढे केले तरी छोट्या दुकानदाराचे बरेच निभावते.

आता तर हल्ल्याने मोबाइलकडे मोर्चा वळविला आहे. ‘पीएम किसान’ किंवा आरटीओ चलनाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल येते. ती उघडणारा स्वतःच्या हाताने एसएमएस वाचण्याची परवानगी देतो आणि ओटीपी परस्पर भामट्यांच्या हाती जातो. मालकानेच दार उघडल्यावर जुना अँटिव्हायरस काय आणि नवा काय, दोघांचेही हात बांधले जातात. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदविल्यास रक्कम वाटेतच गोठविली जाण्याची शक्यता असते.