प्रबंध कपाटात, टाकी उघडी

पन्हाळा तालुक्यातील ग्रामस्थांस, ग्रामपंचायत सदस्यांस, आणि सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी देणाऱ्या विद्यापीठांतील जाणत्या मंडळींस,

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रबंधांत एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: 384. पुस्तकातले सूत्र असे की एखाद्या गोष्टीचे प्रमाण ठाऊक नसेल तर ते निम्मे धरावे, पाच टक्क्यांची चूक चालवून घ्यावी, 95 टक्के खात्री मागावी. उत्तर 384 येते. गाव कोणतेही असो, दुखणे कोणतेही असो, माणसे 384. सूत्रात खोट नाही. खोट आहे ती त्याआधीच्या ‘प्रमाण ठाऊक नाही’ या वाक्यात, कारण पुष्कळदा कोणी विचारलेलेच नसते म्हणून ते ठाऊक नसते. उपकेंद्रातली रजिस्टरे उघडली असती, आरोग्य सेविकेशी तासभर बोलले असते, तर अंदाज आला असता. त्याऐवजी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली निघते, मथळ्याला ‘ज्ञान, दृष्टिकोन व आचरण’ असे शेपूट लागते, तक्ते होतात, काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरे चढतात, आणि तोंडी परीक्षा आटोपली की ती बांधणी विभागाच्या कपाटात जाते. ज्या 384 जणांनी घरचे काम टाकून उत्तरे दिली, त्यांना त्यातले काय कळते? या पत्रकाचे म्हणणे एवढेच आहे: या पदवीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि अखेरचा प्रबंध ही दोन कामे न राहता एका तालुक्यात केलेले एकच काम व्हावे, त्याचा प्रश्न तालुक्याने द्यावा, आणि उत्तर विद्यापीठाआधी तालुक्याला मिळावे.

आज ही दोन कामे एकमेकांना ओळखतही नाहीत. सहा-आठ आठवडे कुठल्या तरी संस्थेत किंवा आरोग्य केंद्रात हजेरी लावायची, शेवटी शिक्क्याचे प्रमाणपत्र घ्यायचे, ही पहिली गोष्ट. मग शेवटच्या सत्रात वेगळ्याच विषयावर, बहुधा वेगळ्याच गावी, प्रबंध. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2018 साली या पदवीसाठी नमुना अभ्यासक्रम काढला. त्यात प्रत्यक्ष कामालाही जागा आहे आणि प्रबंधालाही. पण तो नमुनाच. डॉक्टरांच्या शिक्षणावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा अंकुश असतो, तसा या पदवीवर नाही. ज्याचे त्याने ठरवायचे. एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरला 2020च्या नियमानुसार तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काढावेच लागतात. म्हणजे आलेल्या रोग्याला बरे करणाऱ्याने जिल्हा पाहणे सक्तीचे, आणि गावात रोगच येऊ नये म्हणून शिकणाऱ्याचे हजेरीपत्रकावर भागते. हा न्याय उलटा आहे.

पाण्याचेच घ्या. नळाचे पाणी काचेच्या छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे. गावोगावी हिला ओटी टेस्ट म्हणतात. टाकीखालच्या पहिल्या नळाला ती सहज पिवळी येते. खरी परीक्षा शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या नळाला असते; तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरले पाहिजे. तिथे नळी पांढरीच राहिली तर दोष कुणाचा? जलसुरक्षकाने टाकीत क्लोरिनची पावडर टाकली नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण टीसीएल ही पावडर हवेला आणि ओलीला टिकत नाही. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असते. फोडलेले पोते पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकून महिनाभर पडले, तर मापाने तेवढीच पावडर टाकूनही पाण्यात औषध कमीच पडते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. मधल्या महिन्यांचे काय, हे कार्ड सांगत नाही. एका विद्यार्थ्याने या तालुक्यातल्या वीस वस्त्या धरून सहा महिने दर आठवड्याला शेवटच्या नळाची नोंद घेतली, पोते आले तेव्हाचे आणि महिन्यानंतरचे क्लोरिन प्रयोगशाळेत मोजून घेतले, आणि उपकेंद्रातल्या जुलाबाच्या नोंदी त्याशेजारी मांडल्या, तर पोते फोडल्यापासून कितव्या दिवशी ते निकामी होते याचे पन्हाळ्याच्या हवेतले उत्तर हाती येईल. इलाज कदाचित घट्ट झाकणाच्या ड्रमाइतका स्वस्त निघेल. हा प्रबंध नव्हे, असे कोणता परीक्षक म्हणेल? आणि इथले पाणी इथेच थांबत नाही. कासारी नदी या तालुक्यातून वाहत जाऊन पंचगंगेला मिळते, आणि पंचगंगेकाठच्या इचलकरंजीने 2012 साली काविळीची साथ सोसली आहे.

जागेवर उभे राहिल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत, हे पन्हाळगडाला नवीन नाही. ज्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे असे तर आहेच, पण एकट्या झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून साठ्याची टाकी बांधून ठेवावीत, असेही आहे. कचेरीत बसून हे कुणाला सुचले नसते. आधुनिक काळातही आपल्याकडे हीच वाट होती. कोलकात्यात 1932 साली सार्वजनिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था निघाली आणि काही वर्षांतच तिने सिंगूरचा ग्रामीण भाग विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी जोडून घेतला. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने 2001 पासून चालवलेल्या अभ्यासक्रमात शिकणारा बहुतेक काळ आपल्या जिल्ह्यातच असतो. साथीचा शोध, रोगसर्वेक्षणाची तपासणी, प्रबंध, सगळे तिथल्याच कामातून. आणि महाराष्ट्राचे सर्वांत बोलके उदाहरण महाडजवळच्या बिरवाडीचे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासमोर विंचूदंशाचे रोगी दगावत होते. त्यांनी एकेक रोगी टिपून ठेवला, रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरून पाहिले, आणि सुमारे 40 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत उतरले. जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांनी ते छापले. प्रश्न मात्र ग्रंथालयाने दिला नव्हता, खाटेवरच्या रोग्याने दिला होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला, नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली जगासमोर मांडले, आणि 2011 पासून देशभरच्या आशा त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जातात.

पन्हाळ्याकडे प्रश्नांची वाण नाही. 2011च्या जनगणनेत अडीच लाखांहून अधिक माणसांचा हा तालुका. पूर्वेला वारणाकाठचा ऊस, पश्चिमेला डोंगर आणि धनगरवाडे. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या एका डोंगरावर जोतिबासाठी लाखो माणसे चढतात. त्या दिवसांत पाणी, शौचालये, उन्हाचा झटका आणि गर्दी यांचा हिशेब कुणीतरी वर्षभर आधीपासून मांडायला हवा. गळिताच्या हंगामात मराठवाड्यातून आलेली तोडणीची कुटुंबे खोप्यांत राहतात. त्यांच्या लेकरांचा लसीकरणाचा एक डोस बीडला आणि पुढचा इथे, आणि कार्ड बहुधा कुठल्यातरी तिसऱ्याच पिशवीत. जुलै 2021मध्ये गडाचा रस्ता खचला तेव्हा अडलेल्या बाळंतिणीला खाली कसे आणायचे याची आधी ठरलेली वाट होती का? सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करायची योजना केंद्राने 2024 साली जाहीर केली. मग दंश झाल्यापासून प्रतिविषाची पहिली बाटली लागेपर्यंत या तालुक्यात किती तास जातात? यांतल्या कोणत्याही प्रश्नाला 384 माणसे लागत नाहीत. दोन चांगले पाय आणि सहा महिने लागतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो आरोग्य यंत्रणेकडून, आणि तो खरा आहे. हजार लोकसंख्येमागे एक आशा, तिच्या माथी आधीच डझनभर सर्वेक्षणे, त्यात शहरातून आलेला विद्यार्थी ‘ताई, जरा घरे दाखवता का’ म्हणत मागे लागला तर तिचा दिवस गेला. आज हेच होते आणि तिला त्याचा छदामही मिळत नाही. म्हणूनच आठ आठवड्यांचा पाहुणा नको. सहा महिने राहणारा माणूस पहिल्या महिन्यात ओझे असतो, तिसऱ्या महिन्यात हाताशी येतो. रजिस्टरातली बेरीज, पोर्टलवरची नोंद, लसीकरणाच्या दिवसाची यादी ही कामे तो उचलू शकतो. आशाताईंना सोबत न्यायचे असेल तर त्या दिवसाचे पैसे विद्यापीठाने द्यावेत आणि ते प्रबंधाच्या अंदाजपत्रकात आधीच दाखवावेत. तेवढी ऐपत नसलेल्या विभागाने गावात माणूस पाठवू नये. एका केंद्रात एका वेळी एकाहून अधिक विद्यार्थी नकोत, हेही त्यातच आले.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा: ही समाजसेवा झाली, संशोधन नव्हे, शिवाय नीतिसमितीच्या मंजुरीतच तीन महिने जातात, वेळ कुठून आणायचा? संशोधनाचे उत्तर बिरवाडीने दिले आहे. वेळेचे म्हणाल तर तो विषय दरवर्षी कोऱ्या पाटीवर शोधण्यात जातो. तालुका आरोग्य अधिकारी आणि विभाग यांनी मिळून प्रश्नांची यादी आधीच केली, तिची पद्धत एकदा समितीकडून मंजूर करून घेतली, की दुसऱ्या सत्रात आलेला विद्यार्थी चौथ्या सत्रापर्यंत तोच धागा ओढू शकतो, आणि त्याच्यामागून येणारा तिथून पुढे. परदेशी जाणाऱ्यांचे नुकसान होईल, ही भीतीही पोकळ आहे. अमेरिकेत या पदवीच्या शाळांना मान्यता देणाऱ्या परिषदेने 2016 पासून अशी अट घातली आहे की विद्यार्थ्याने ज्या संस्थेत प्रत्यक्ष काम केले तिच्या उपयोगाच्या किमान दोन गोष्टी तयार करून दाखवाव्यात. नुसती हजेरी तिथेही चालत नाही.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही. गावासमोर निष्कर्ष वाचले तर कुणाची तरी अब्रू जाईल. रोग्याच्या अब्रूचा भाग असेल तर सावधगिरी पुरी हवी: नावे नाहीत, वस्ती लहान असेल तर वस्तीही नाही, क्षयरोग किंवा एचआयव्हीसारख्या विषयात ग्रामसभेत फक्त तालुक्याची बेरीज. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017ची नीतितत्त्वे लोकांपर्यंत निष्कर्ष पोचवा असेच सांगतात. पण अब्रू कार्यालयाची असेल, तर महाराष्ट्राला याचा सराव आहे. ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 2007 पासून ठाणे, पुणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत अधिकारी समोर बसले, लोकांनी बंद उपकेंद्राबद्दल, न मिळालेल्या औषधाबद्दल विचारले. आभाळ कोसळले नाही. उलट निधी का पडून राहिला हे पहिल्यांदाच सगळ्यांना कळले. आणि खालच्या कर्मचाऱ्याला वरच्या साहेबासमोर आपली अडचण सांगायला तेवढाच एक मंच मिळाला.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक ग्रामपंचायतीने एक ठराव मांडावा: आमच्या गावात आरोग्याचा अभ्यास करायला येणाऱ्या विद्यार्थ्याने गावाने दिलेल्या प्रश्नांपैकी एक घ्यावा, किमान सहा महिने काम करावे, आणि प्रबंध विद्यापीठात देण्याआधी त्याचा दोन पानी मराठी गोषवारा याच सभेत उभे राहून वाचावा, ग्राम आरोग्य समितीच्या सहीशिवाय त्याची तोंडी परीक्षा होऊ नये. ठरावाखाली गावाचे तीन प्रश्न लिहावेत, शेवटच्या नळापासून सुरुवात करून. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेला, आणि एक त्या विद्यापीठाच्या विभागप्रमुखांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह.