विक्रांत भंगारात, कुरसुरा वाळूवर

विशाखापट्टणमला गेलेला मराठी प्रवासी सहसा सिंहाचलम आणि अराकूचे खोरे पाहून परततो. पण बरोबर मुले असतील, तर रामकृष्ण किनाऱ्यावरच्या ‘कुरसुरा’चा हट्ट ठरलेला. ही खरीखुरी पाणबुडी आहे. १९६९ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात गस्त घातलेली आणि २००१ मध्ये निवृत्त झालेली. नव्वद मीटरहून लांब असे हे धूड पाण्याबाहेर ओढून वाळूवर बसवण्यात आले आणि २००२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आत शिरल्यावर वाकून, एका गोल दारातून दुसऱ्या गोल दारात जावे लागते. टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायच्या फळ्या दिसतात. सुमारे पाऊणशे माणसे आठवडेच्या आठवडे इथे कशी राहत असतील, हा प्रश्न मुलांच्या आधी आईवडिलांनाच पडतो. बाहेर येताना गलका केलेला नसतो, सगळे जरा गप्पच असतात.

रस्त्यापलीकडे ‘टीयू-१४२’ हे नौदलाचे टेहळणी विमान आहे. एकोणतीस वर्षे सेवा करून ते २०१७ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षअखेर त्याचे संग्रहालयही झाले. निवृत्ती आणि संग्रहालय यांत जेमतेम काही महिने गेले. हे वाचून मुंबईकराच्या मनात एक जुनी खंत जागी व्हावी. कारण जी नौका सर्वांत आधी जपायला हवी होती, ती आपल्याच बंदरात होती आणि ती आपण गमावली.

‘विक्रांत’ १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली. देशाची ही पहिली विमानवाहू नौका. १९७१ मध्ये तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता. पूर्ण वेगाने जाणे शक्य नव्हते, तरीही तिला बंगालच्या उपसागरात नेण्यात आले. तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार, चितगाव या बंदरांवर हल्ले चढवले. पूर्व पाकिस्तानची समुद्रवाट बंद झाली. त्या युद्धाच्या निकालात या तडा गेलेल्या नौकेचा वाटा मोठा आहे.

१९९७ च्या जानेवारीत ती निवृत्त झाली. मुंबईत तिचे संग्रहालय झाले, शाळांच्या सहली तिच्या प्रशस्त डेकवर फिरल्या. पण कायमची जागा ठरेना, पैसा उभा राहीना, आणि २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ती बंद झाली. राज्य सरकारने हात वर केले. जनहित याचिका झाली, उच्च न्यायालयाने ती फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही अखेर वाट मोकळी केली. सुमारे साठ कोटी रुपयांना विकली गेलेली विक्रांत २०१४ च्या नोव्हेंबरपासून दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे एका मोटारसायकलमध्ये वापरला गेला, आणि जाहिरातीने तो अभिमानाचा विषय केला.

एकदा चुकणे समजू शकते. पण ‘विराट’च्या बाबतीतही तेच घडले. ही नौका २०१७ मध्ये निवृत्त झाली. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मान्यता दिली. कागदावर सगळे होते. २०२० मध्ये ती अलंगला गेली, साडेअडतीस कोटींच्या भंगाराच्या भावाने.

याचा दोष केवळ अनास्थेला देऊन भागणार नाही. खाऱ्या पाण्यात उभे असलेले लोखंड रोज गंजते. चालती नौका ठरावीक काळाने सुक्या गोदीत जाते, तळ खरवडला जातो, पत्रे बदलले जातात. संग्रहालय झाले म्हणून गंज थांबत नाही, थांबतो तो संरक्षण खात्याचा पैसा. तिकिटाच्या रकमेत सातशे फुटी नौकेचा तळ दुरुस्त होत नाही. श्रीमंत अमेरिकेलाही हे चुकलेले नाही. ‘टेक्सास’ ही जुनी युद्धनौका इतकी गळू लागली, की २०२२ मध्ये तिला दुरुस्तीसाठी गॅल्व्हेस्टनला न्यावे लागले. त्याच वर्षी बफलो येथील ‘द सलिव्हन्स’ ही संग्रहालय-नौका धक्क्यालाच अर्धवट बुडाली.

मग ज्या टिकल्या त्या कशा टिकल्या? ब्रिटनने नेल्सनची ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून कोरड्या गोदीत ठेवली आहे. जपानची ‘मिकासा’ योकोसुकाच्या किनाऱ्यात पक्की रोवलेली आहे. सॅन दिएगोची विमानवाहू ‘मिडवे’ पाण्यातच आहे, पण ती चालवणारी स्वतंत्र संस्था आहे आणि निवृत्त नौसैनिक तिथे स्वयंसेवक म्हणून राबतात. म्हणजे सूत्र सोपे आहे. शक्य तर पाण्याबाहेर काढा. नाही तर वर्षानुवर्षे जबाबदार राहील असा एक मालक नेमा. कुरसुराने पहिला मार्ग धरला. विक्रांतला दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही. नौदल, राज्य आणि केंद्र अशा तिघांच्या घरी पाहुणी असलेली ती उपाशीच राहिली.

विमानांचे त्या मानाने बरे आहे. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८ पासून उभे आहे. समुद्रस्नानाला जाणारी कुटुंबे त्याच्यावरून पुढे निघून जातात. तासभर थांबले, तर विक्रांतवरून उडणाऱ्या जातीची सी हॉक आणि अलिझे विमाने तिथे हात लावण्याइतक्या अंतरावर दिसतात. नौका गेली, तिची पाखरे तेवढी उरली.

इतका खर्च जुन्या लोखंडावर का करावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शाळा-दवाखान्यांचा हक्क आधीचा. पण मग दर समारंभात आरमाराचा वारसा सांगू नये. नौदलाच्या नव्या ध्वजाने २०२२ मध्ये शिवरायांच्या राजमुद्रेपासून प्रेरणा घेतली. २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या आरमाराची जहाजे आज पाहायला मिळत नाहीत, म्हणून आपण हळहळतो. आणि आपल्या काळातली हाती असलेली जहाजे मात्र तोडून टाकतो.

शिवाय अशा ठिकाणी केवळ शौर्य दिसते असे नाही. दीवच्या समुद्रात ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुखरी’ बुडाली. कॅप्टन मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिथल्या स्मारकापाशी उभे राहिलेल्या मुलाला युद्ध म्हणजे चित्रपटातला जल्लोष नव्हे, हे न सांगता कळते. विजयाच्या घोषणा रोज कानी पडणाऱ्या या दिवसांत ही शिकवण स्वस्तच म्हणायची.

आता निवतीच्याच समुद्रात ‘गुलदार’ ही २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौका तळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. प्रवाळ वाढेल, मासळी येईल, कोकणातल्या तरुणांना काम मिळेल, हे सारे चांगलेच. पण पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली जाणारे थोडे. आजी-नातवंडांना चढता येईल अशी एक नौका मुंबईच्या किनाऱ्यावर, कोरड्या जमिनीवर हवीच. ती विमानवाहूच असली पाहिजे, असे नाही. लहान असू दे, पण ती निवृत्त होण्यापूर्वीच तिची जागा, तिचा मालक आणि तिच्या रंगरोगणाचा पैसा ठरलेला असू दे.

तोवर येत्या सुट्टीत गोव्याला गेलात, तर बोगमाळोच्या वाटेवर गाडी थांबवा. आणि मुलाने विचारले, की ही विमाने ज्या बोटीवरून उडायची ती कुठे आहे, तर खरे तेच सांगा.