पंपिंग सुधारले, मग गोळ्या बंद करायच्या का?

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाला साधा ताप आला आणि गेला. पंधरा दिवसांनी जिना चढताना धाप लागू लागली, पाय सुजले. हृदयाच्या स्नायूला सूज, म्हणजे मायोकार्डायटिस, असे निदान झाले. इकोमध्ये पंपिंग २५ टक्के होते. आठ महिन्यांच्या औषधांनी ते ५५ झाले. आता त्याचे अब्बा म्हणतात, "पोरगा बरा झालाय, गोळ्या कशाला?"

आपल्या मनाने बंद करू नका, हे आमचे उत्तर.

हा आजार बहुधा विषाणूमुळे होतो. सूज ओसरली की बऱ्याच जणांचे हृदय पूर्ववत होते. काहींचे मात्र कमजोर राहते, आणि अगदी थोड्यांवर हृदयरोपणाची वेळ येते. स्टेरॉइड का दिले नाही, असे नातेवाईक हमखास विचारतात. अमेरिकेत १११ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (१९९५) सूज दाबणाऱ्या औषधांचा विशेष फायदा दिसला नव्हता. जायंट सेलसारख्या काही प्रकारांत ती लागतात; ते डॉक्टर ठरवतात. बाकीच्यांना आधार रोजच्या गोळ्यांचाच. त्या हृदयावरचा ताण कमी करतात.

लंडनच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदय कमजोर होऊन औषधांनी सुधारलेले ५१ रुग्ण त्यात होते. आजाराची कारणे वेगवेगळी, पण त्रास कुणालाच उरला नव्हता. २५ जणांची औषधे हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत त्यांतल्या ११ जणांचा आजार उलटला. औषधे चालू असलेल्यांपैकी एकाचाही नाही! इकोचा आकडा चांगला आला म्हणजे आजार मुळासकट गेला, असे नव्हे.

मुलाचे वजन रोज सकाळी बघा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साठतेय. लगेच डॉक्टरांना कळवा. पापड, लोणचे, सुके बोंबील जपून. (कोकणातल्या घरात हे सांगणे सोपे नाही, ठाऊक आहे!) अंगदुखीची गोळी परस्पर आणून देऊ नका, तिनेही पाणी साठते. धावपळीचे खेळ निदानानंतर तीन ते सहा महिने बंद असतात, पुढेही तपासणी करूनच. रोजे धरायचे असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. लघवीच्या गोळ्या चालू असताना दिवसभर पाणी न पिणे झेपेल का, आणि सहर-इफ्तारला कोणती गोळी घ्यायची, हे तेच सांगतील.

आणि पुढच्या इकोला अब्बांनाही सोबत न्या. "गोळ्या कशाला?" हे त्यांनी डॉक्टरांनाच विचारावे.