डॉक्टरांचे ५० टक्के, न्यायालयाचे १०० टक्के. अपघाताच्या दाव्यातील हे शब्द समजून घ्या

रस्ते अपघातात घरातला कमावता माणूस जखमी झाला, की पहिले काही आठवडे रुग्णालयाच्या फेऱ्या आणि पैशांची जुळवाजुळव यातच जातात. मग पोलीस ठाण्यातून, वकिलाकडून, विमा कंपनीच्या प्रतिनिधीकडून काही शब्द कानावर पडू लागतात. दावा, निष्काळजीपणा, कायमस्वरूपी अपंगत्व, गुणक, तडजोड. कोणीतरी एक कागद पुढे करते आणि ‘इथे सही करा’ म्हणते. त्या कागदावरच्या एका शब्दाचा अर्थ माहीत नसेल, तर लाखो रुपयांचे नुकसान होऊ शकते.

हे शब्द फक्त वकिलांनाच कळावेत इतके अवघड नाहीत. जखमीच्या घरच्यांना सहीपूर्वी ते कळले पाहिजेत.

पोलिसांत गुन्हा नोंदला, म्हणजे भरपाई मिळणार का?

नाही. या दोन वेगळ्या वाटा आहेत. पोलीस गुन्हा नोंदवतात तो बेदरकार वाहन चालवल्याबद्दल. त्यात शिक्षा होते ती चालकाला. जखमीला भरपाई हवी असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १६६ खाली वेगळा अर्ज करावा लागतो. तो चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. बोलीभाषेत यालाच ‘क्लेमची केस’ म्हणतात.

पुराव्याचे मापही दोन्हीकडे वेगळे असते. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात मात्र ‘असे घडले असण्याची शक्यता जास्त आहे’ एवढे दाखवणे पुरेसे असते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून सुटला, तरी भरपाईचा दावा आपोआप फेटाळला जात नाही.

दावा कुठे करायचा, यातही सवलत आहे. अपघात झाला ते ठिकाण, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो ते ठिकाण किंवा सामनेवाला राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठेही दावा दाखल करता येतो. नागपूरच्या तरुणाला सोलापूरजवळ अपघात झाला, तर तारखांसाठी सोलापूरला खेटे घालण्याची गरज नाही.

‘थर्ड पार्टी’ म्हणजे नेमके कोण?

विम्याच्या करारात पहिला पक्ष वाहनमालक आणि दुसरा विमा कंपनी. त्या वाहनामुळे ज्याला इजा झाली, तो तिसरा. पादचारी, सायकलस्वार, समोरच्या दुचाकीवरचा माणूस हे सगळे यात येतात. थर्ड पार्टी विम्याशिवाय वाहन रस्त्यावर आणणे कायद्याने गुन्हा आहे, तो या तिसऱ्या माणसासाठीच.

स्वतःच्या चुकीने दुचाकी घसरून पडलेला मालक मात्र स्वतःच्या विम्यात ‘तिसरा’ ठरत नाही. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते. आपल्या पॉलिसीत त्याचा हप्ता भरला आहे का, हे आजच तपासावे.

समोरच्या चालकाकडे वैध परवाना नव्हता, अशा प्रकरणांत ‘पैसे द्या आणि मग वसूल करा’ हा आदेश ऐकू येतो. विमा कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यायची आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करायची, असा त्याचा अर्थ. ‘परवाना नव्हता, काही मिळणार नाही’ असे कोणी सांगितले, तर तेवढ्यावर दाव्याचा नाद सोडू नये.

चूक दोघांची असेल तर?

इथे दोन सारखे वाटणारे शब्द येतात आणि त्यांत मोठा फरक आहे.

पहिला, सहभागी निष्काळजीपणा. अपघातात जखमीचीही काही चूक असेल, तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. दहा लाखांची भरपाई ठरली आणि जखमीची चूक २० टक्के धरली, तर हातात आठ लाख येतात. मात्र ही चूक अपघाताला किंवा इजेला कारणीभूत ठरली, हे दाखवावे लागते. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्याच कारणावरून सहभागी निष्काळजीपणा धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरा, संयुक्त निष्काळजीपणा. ट्रक आणि बस एकमेकांवर आदळले आणि बसमधील प्रवासी जखमी झाला. प्रवाशाची चूक काहीच नाही. अशा वेळी तो ट्रक किंवा बस, दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे सांगितले आहे. कोणाचा वाटा किती, हे त्या दोघांनी आपसात पाहायचे.

भरपाईत काय काय धरले जाते?

रुग्णालयाची बिले हा फक्त एक भाग आहे. मोजता येणाऱ्या नुकसानीत उपचार, औषधे, प्रवास, पौष्टिक आहार, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, पुढील काळात कमी होणारी कमाई आणि भविष्यातील उपचार येतात. मोजता न येणाऱ्या नुकसानीत शारीरिक व मानसिक वेदना, आयुष्यातील सुखांना मुकणे आणि आयुर्मान घटणे हे मुद्दे येतात. विवाहाची शक्यता कमी होणे हेही त्यातच मोडते. अर्जात जो मुद्दा मांडला नाही आणि ज्याचा कागद दिला नाही, त्याची रक्कम मिळवणे अवघड होते.

५० टक्क्यांचे १०० टक्के कसे होतात?

सर्वांत जास्त रक्कम याच प्रश्नावर ठरते. समजा, ३४ वर्षांच्या टेम्पोचालकाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर ५० टक्के लिहिले आहे. हे झाले शारीरिक अपंगत्व. न्यायाधिकरणाने पाहायचे असते ते कार्यात्मक अपंगत्व, म्हणजे या इजेमुळे त्या माणसाची कमावण्याची क्षमता किती घटली. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या निकालात हा फरक सविस्तर सांगितला आहे. बसून काम करणाऱ्या कारकुनाची नोकरी अशा इजेनंतरही टिकू शकते. टेम्पोचालकाच्या हातून स्टिअरिंगच जाते. तो दुसरे कोणते काम करू शकतो का, हेही न्यायाधिकरण तपासते आणि मग टक्केवारी ठरवते.

आता हिशेब पाहू. या चालकाची कमाई महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार रुपये. पुढे कमाई वाढली असती, म्हणून त्यात ‘भावी वाढ’ मिळवतात. स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगार असलेल्या ४० वर्षांखालील व्यक्तीसाठी ती ४० टक्के आहे. बेरीज २ लाख ५२ हजार रुपये.

या रकमेला गुणकाने गुणतात. गुणक म्हणजे वयावरून ठरलेला आकडा. २००९च्या ‘सरला वर्मा’ निकालाने तो तक्ता घालून दिला. १५ ते २५ वयासाठी १८, २६ ते ३० साठी १७, ३१ ते ३५ साठी १६ आणि तिथून वयानुसार उतरत ६५ वर्षांपुढे ५. आपल्या चालकाचा गुणक १६. गुणाकार येतो ४० लाख ३२ हजार रुपये.

कार्यात्मक अपंगत्व ५० टक्के धरले, तर यातील २० लाख १६ हजार मिळतील. १०० टक्के धरले, तर पूर्ण ४० लाख ३२ हजार. अपघात तोच, पाय तोच. फरक २० लाख १६ हजारांचा. उपचारखर्च आणि वेदनांची भरपाई याशिवाय.

म्हणूनच डॉक्टरांचा दाखला जोडून थांबू नये. आपण नेमके काय काम करत होतो, त्यासाठी कोणता अवयव लागतो, आता कोणते काम जमत नाही, याचा पुरावा द्यावा. वाहन परवाना, मालकाचे पत्र, बँकेचे खातेपुस्तक, सोबत काम करणाऱ्याची साक्ष, सारे उपयोगी पडते.

मृत्यू झाल्यास हिशेब बदलतो का?

बदलतो. मृत व्यक्तीने स्वतःवर केला असता तो खर्च वजा होतो. अवलंबून असलेले दोन-तीन जण असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. अविवाहित व्यक्तीच्या बाबतीत साधारणपणे निम्मा. जखमीच्या दाव्यात ही वजावट होत नाही, कारण तो हयात आहे आणि त्याचा खर्चही सुरूच आहे.

मृत व्यक्ती गृहिणी असेल, तर ‘कमाई नव्हती’ हा युक्तिवाद चालत नाही. घरकामाला मोल आहे आणि त्यासाठी गृहीत उत्पन्न धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितले. जखमी गृहिणीच्या दाव्यातही हेच तत्त्व मांडता येते.

अडीच लाखांची सही करावी का?

सहीपूर्वी दोनदा विचार करावा असा हा टप्पा आहे. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही ठरावीक भरपाई मिळते. मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. साक्षीदार नसलेल्या किंवा पुरावा कच्चा असलेल्या कुटुंबाला हा मोठा आधार आहे. पण ही रक्कम कायद्यातील पद्धतीनुसार स्वीकारली, की कलम १६६चा दावा संपुष्टात येतो. वरच्या उदाहरणातील चालकाने घाईत अडीच लाख घेतले, तर लाखोंच्या दाव्याचे दार तो स्वतःच बंद करतो.

तडजोडीचेही तसेच. अपघाताची माहिती मिळाल्यानंतर विमा कंपनीने ठरावीक मुदतीत तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो. तो स्वीकारणे बंधनकारक नाही. नाकारला, तर सुनावणी होते. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते. तडजोड वाईट नाही. वरचा हिशेब कागदावर न मांडता केलेली तडजोड महागात पडते.

धडक देऊन वाहन पळून गेले तर?

वाहनाचा शोध लागला नाही, तरी हात रिकामे राहत नाहीत. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. यासाठी न्यायाधिकरणात नव्हे, महसूल विभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. शिवाय मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे.

मुदत किती?

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. हाडे जुळायलाच काही जणांना तेवढा काळ लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. त्यामुळे मुदत उलटली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. उलटली नसेल, तर एक दिवसही वाया घालवू नये.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे १५१००.

एक कागद, जो मागून घ्यायलाच हवा

नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला सादर करायचा असतो. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिची चर्चा कमी होते. अपघातापासून १० दिवसांत तपास अधिकाऱ्याने जखमीला किंवा त्याच्या नातेवाइकांना ‘नमुना २’ द्यायचा असतो. अपघातग्रस्तांचे हक्क आणि दाव्याची सगळी प्रक्रिया त्यात दिलेली असते.

म्हणजे या शब्दांचा अर्थ कुटुंबाला सांगणे हे उपकार नव्हे, ते यंत्रणेचे काम आहे. ते मराठीत, वाचून समजेल अशा भाषेत आणि वेळेवर झाले पाहिजे. विमा कंपनीकडे हिशेब जाणणारी माणसे पगारावर असतात. जखमीकडे बहुतेकदा एक घाबरलेली पत्नी आणि नोकरीवरून रजा घेतलेला भाऊ असतो. या दोघांमधले अंतर कमी करायचे, तर सुरुवात या एका कागदापासून होऊ शकते.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल, उत्पन्नाचा पुरावा आणि समोरच्या वाहनाच्या विम्याची प्रत एका फाइलमध्ये ठेवावी. पोलीस ठाण्यात जाऊन ‘नमुना २’ मागावा. आणि कोणी ‘नुसती सही करा’ म्हणाले, तर आधी विचारावे, ही सही केल्यावर कोणता हक्क संपतो?