चुकलेल्या निगेटिव्हची किंमत



तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आज फोटो काढण्याची सोय आहे. आईचा किंवा बाबांचा फोन घ्यायचा, पडद्यावर बोट टेकवायचे, की झाले काम! फोटो बरा आला नाही तर पुसून टाकायचा आणि दुसरा काढायचा. दहांपैकी एखादा तरी चांगला येतोच. अशा काळात कोणी तुम्हाला म्हणाले की, कृष्णधवल फिल्मचा रोल आणा, जुन्या कॅमेऱ्यात भरा, फोटो काढा आणि अंधाऱ्या खोलीत बसून तो स्वतःच्या हाताने धुवा, तर तुम्ही साहजिकच विचाराल, "हा सारा खटाटोप कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. फिल्म ही आजच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यापेक्षा सरस आहे, असे मी म्हणणार नाही. फिल्मवर शंभर प्रकाशकण पडले तर त्यांतले जेमतेम एक-दोन कामी येतात. मोठ्या दुर्बिणींना जोडलेले इलेक्ट्रॉनिक संवेदक शंभरातले ऐंशी-नव्वद टिपू शकतात. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञांनी काचेच्या फोटोप्लेटा केव्हाच बाजूला ठेवल्या. तेव्हा वाद श्रेष्ठ-कनिष्ठतेचा नाही. माझे म्हणणे एवढेच की, शिकणाऱ्यासाठी फिल्म उत्तम, कारण तिच्यात काहीच झाकलेले नाही. फोन ही बंद पेटी आहे. प्रकाश किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, सावली किती उजळायची, हे सारे निर्णय तोच घेतो आणि तुम्हाला नुसता निकाल दाखवतो. फोटो बिघडला तर का बिघडला हे तुम्हाला कळत नाही, आणि चांगला आला तर का चांगला आला तेही कळत नाही!

फिल्मचा कॅमेरा तुम्हाला निर्णय घ्यायला लावतो. सगळे मिळून तीन-चारच निर्णय असतात, पण त्यांत शाळेतले गणित आणि विज्ञान भरलेले आहे. भिंगामागच्या छिद्राचे आकडे पाहा : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. हे विचित्र आकडे कुठून आले? प्रत्येक आकड्याला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने, गुणले की पुढचा आकडा मिळतो. आकडा वाढतो तसा छिद्राचा व्यास लहान होतो. व्यास १.४ पट कमी झाला की क्षेत्रफळ निम्मे होते, आणि प्रकाशही निम्मा होतो. शटरचे आकडेही तसेच : १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद. येथेही प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा. आता तुम्हीच सांगा, १६ क्रमांकाचे छिद्र आणि १/१२५ सेकंद यांनी जितका प्रकाश आत येतो, तितकाच ११ क्रमांकाच्या छिद्राने यायला शटर किती ठेवावे? १/२५० सेकंद. व्यस्त प्रमाणाचे उदाहरण तुमच्या बोटांखाली फिरते आहे!

प्रकाश मोजण्याचे यंत्र जवळ नसले तरी अडत नाही. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. स्वच्छ ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवावे आणि रोलच्या डब्यावर वेगाचा जो आकडा छापलेला असतो, तितकाव्या भागाइतका सेकंद शटर उघडावे. रोल १०० वेगाचा असेल तर १/१०० सेकंद, म्हणजे कॅमेऱ्यावरचा जवळचा आकडा १/१२५. आभाळ भरून आले की छिद्र दोन-तीन पायऱ्यांनी मोठे करावे. हा ठोकताळा वापरणारा मुलगा पहिल्यांदाच उन्हाकडे मोजण्याची गोष्ट म्हणून पाहू लागतो.

शटर दाबले की फिल्मवर काय होते? फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ज्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडतो त्यावर चांदीचे चार-पाच अणू मोकळे होतात. एवढा बदल कोणत्याही डोळ्याला दिसत नाही, म्हणून तिला सुप्त प्रतिमा म्हणतात. नंतर डेव्हलपरचे द्रावण ओतले की, ज्या स्फटिकांवर ही खूण असते त्या अख्ख्या स्फटिकांची काळी चांदी होते. एका स्फटिकात चांदीचे अब्जावधी आयन असतात. म्हणजे चार-पाच अणूंच्या इशाऱ्यावर एवढे मोठे रूपांतर घडते! उरलेले, प्रकाश न लागलेले स्फटिक हायपोच्या द्रावणात विरघळून जातात. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे सर जॉन हर्शेल यांना १८१९ साली आढळले होते. वीस वर्षांनी, १८३९ साली, छायाचित्रे टिकवण्यासाठी तो गुण उपयोगी पडला. प्रयोगशाळेतली एखादी नोंद किती वर्षांनी कामाला येईल हे सांगता येत नाही, ते असे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पहिल्या रोलमध्ये तुमचे निम्मे फोटो बिघडतील. बिघडू द्या! फिल्मचा सर्वांत मोठा गुण हा की, बिघाडाचे कारण ती स्वतःच्या अंगावर लिहून ठेवते. आपल्याला फक्त ते वाचता आले पाहिजे.

समजा, धुतलेला रोल हातात घेतला आणि तो सबंध कोरा, पारदर्शक निघाला. चूक कॅमेऱ्यात झाली की धुण्यात? फिल्मची कड पाहा. कारखान्यातच फिल्मच्या कडेवर प्रकाशाने आकडे आणि नाव उमटवलेले असते. ते डेव्हलपरमध्येच काळे होऊन दिसू लागते. कडेचे आकडे ठसठशीत काळे असून मधल्या चौकटी कोऱ्या असतील, तर डेव्हलपरने आपले काम चोख केले आहे. रोल कॅमेऱ्यात पुढे सरकला नसावा किंवा शटर उघडले नसावे. आकडेही नसतील, तर डेव्हलपर निकामी झाला होता किंवा त्याच्याआधीच कोणी हायपो ओतला. चित्रे फिकट आणि आकडेही फिकट असतील, तर फिल्म कमी वेळ किंवा फार थंड द्रावणात धुतली गेली. चित्रे फिकट पण आकडे गडद असतील, तर फोटो काढताना प्रकाश कमी पडला. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही 'नियंत्रित प्रयोग' हा शब्द वाचता ना? कडेचे ते आकडे म्हणजे प्रत्येक रोलबरोबर फुकट मिळालेला नियंत्रित प्रयोगच आहे.

इतरही खुणा आहेत. दुधासारखे पांढुरके डाग दिसले तर हायपो अपुरा पडला. फिल्म पुन्हा हायपोत टाकली की ते जातात. गोल, स्वच्छ ठिपके दिसले तर डेव्हलपर ओतताना हवेचे बुडबुडे चिकटून राहिले. पुढच्या वेळी टाकी ओट्यावर हलकेच आपटावी. चंद्रकोरीसारखी खूण दिसली तर अंधारात रिळावर चढवताना फिल्म दुमडली. अशा रीतीने प्रत्येक दोषाला कारण असते, आणि बहुतेक कारणांना उपायही असतो.

मात्र हे वाचन करण्यासाठी वही हवी. प्रत्येक फोटोचा क्रमांक, वेळ, आकाशाची स्थिती, छिद्र, शटर आणि विषयाचे अंतर एवढे लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. शाळेच्या फाटकाचे पाच फोटो एकाच जागेवरून, एकाच शटरने, पण छिद्र बदलत घ्या. मग निगेटिव्ह ओळीने मांडून पाहा. लाल जास्वंद आणि तिची हिरवी पाने यांचा फोटो घ्या. रंग गेल्यावर दोन्ही जवळजवळ सारखीच करडी दिसतात की काय, ते बघा. मग भिंगासमोर हिरवा जिलेटीन कागद धरून तोच फोटो पुन्हा घ्या. फूल काळवंडेल आणि पाने उजळतील. का, ते मी सांगत नाही!

बिघडलेली प्लेट वाचण्याचे महत्त्व किती, याची साक्ष विज्ञानाचा इतिहास देतो. १८९६ साली पॅरिसमध्ये हेन्री बेकेरेल काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोप्लेटांवर युरेनियमचे क्षार ठेवून उन्हात प्रयोग करीत होते. मध्येच काही दिवस आभाळ आले, म्हणून प्लेटा खणातच पडून राहिल्या. ऊन लागले नव्हते, तरीही त्यांनी त्या धुऊन पाहिल्या आणि त्यांवर गडद ठसे उमटलेले आढळले. किरणोत्साराचा शोध लागला तो असा. आपल्या देशात डी. एम. बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत महिनोन्‌महिने प्लेटा ठेवल्या, आणि त्यांवर उमटलेल्या सूक्ष्म रेषा सूक्ष्मदर्शकातून मोजून विश्वकिरणांतील कणांचा माग काढला. बिभाताई पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागल्या. या मंडळींनी प्लेटेवरच्या डागाला आधी "का?" असे विचारले, हे लक्षात ठेवा.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गाने वर्षातून एकदा तरी कृष्णधवल रोल वापरावा. रोलमध्ये ३६ फोटो असतात. सहा-सहा जणांचा गट केला तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा येतात. सहाच असल्यामुळे बटण दाबण्यापूर्वी विचार होतो. आणि बक्षीस द्यायचेच असेल तर ते सर्वांत सुंदर फोटोला देऊ नये. ज्याने आपल्या बिघडलेल्या फोटोचे कारण पुराव्यानिशी सिद्ध केले त्याला द्यावे!

यावर आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. रोलची किंमत आज शेकड्यांत मोजावी लागते, हे खरे. निलगिरीतील उदकमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म एके काळी मिळत असे. तो कारखाना आता बंद आहे आणि रोल परदेशातून येतात. म्हणूनच एक वर्ग, एक रोल. कॅमेरा विकत घेऊ नये. अॅग्फा क्लिक-३ सारखे जुने कॅमेरे कितीतरी घरांच्या माळ्यावर पडून आहेत. त्यात मोठा, बारा फोटोंचा रोल लागतो आणि छिद्र-शटर फारसे बदलता येत नाही, पण सुरुवातीला तेही चालेल.

दुसरा आक्षेप रसायनांचा. तो गंभीर आहे. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून आणि हवा खेळती ठेवूनच करावे. मेटॉलने काहींच्या त्वचेला त्रास होतो. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते; तो मोरीत ओतू नये, वेगळ्या बाटलीत साठवावा. आणखी एक सावधगिरी आपल्या हवेसाठी. डेव्हलपर साधारणपणे २० अंश सेल्सियसला वापरतात. एप्रिलात सोलापूर-नागपूरकडे नळाचे पाणीच ३० अंशांच्या वर असते. बाटली बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून तापमापी लावा. २० अंशांना आठ मिनिटे लागणारे काम २४ अंशांना पावणेसहा मिनिटांच्या आसपास उरकते. तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

तिसरा आक्षेप शिकवणार कोण, हा. तुमच्या गावातल्या फोटो स्टुडिओत एखादे काका असे भेटतील की ज्यांची उमेद डार्करूममध्ये गेली. त्यांना शाळेत बोलवा. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट केला होता. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्म धुण्याचे काम घरीच शिकून घेतले होते. हे काम हाताने शिकता येते, याला याहून चांगला दाखला कोणता?

रोल मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही. बूट येतात तसा पुठ्ठ्याचा खोका आतून काळा रंगवा. एका बाजूला पातळ पत्रा लावून त्यात सुमारे ०.४ मिलिमीटरचे छिद्र पाडा आणि त्यापासून १० सेंटिमीटरवर, तांबड्या दिव्यात, ब्रोमाइड कागदाचा तुकडा बसवा. भर उन्हातल्या देखाव्याला अर्धा ते एक मिनिट लागेल. कागद २० सेंटिमीटरवर नेला तर किती वेळ लागेल? आधी वहीत उत्तर लिहा, मग करून पाहा. कागद सबंध काळा निघाला तर तो फेकू नका. त्याच पानावर चिकटवा आणि शेजारी कारण लिहायला जागा सोडा.