औषधदान कसे करावे?

आहार, औषध, शास्त्र व अभय या चतुर्विध दानांपैकी औषधदानाकडे आपल्या समाजाचा ओढा विशेष आहे. बेगम बाजारातील कोणत्याही पेढीवर त्यासाठी शब्द टाकला, तर तो सहसा वाया जात नाही. तथापि या दानाच्या रीतीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्हीच पुढाकार घेऊन सभासदांच्या घरची उरलेली औषधे गोळा केली व खोकी भरून एका धर्मार्थ दवाखान्यात पोहोचविली. तेथील डॉक्टरांनी आभार मानले आणि आम्हांसच निवडावयास बसविले! अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, त्यांवर ना नाव ना मुदतीची तारीख. बुचे फोडलेल्या बाटल्या. २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवावयाचे इन्सुलिन भर उन्हाळ्यात कपाटात राहिलेले. सायंकाळी टाकाऊ ढीगच मोठा झाला. किडके धान्य आम्ही गिऱ्हाइकाच्या पदरात कधी घातले नाही. आजाऱ्याच्या पदरात मात्र तसला माल पुण्य म्हणून घातला.

ही चूक जगानेही केली आहे. १९८८ साली आर्मेनियातील भूकंपानंतर सुमारे ५००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य तेथे जाऊन पडले. ते निवडण्यास ५० माणसांना सहा महिने लागले, आणि सहज उपयोगी पडेल असे निघाले अवघे ३० टक्के. पुढे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक नियम घालून दिले. रुग्णाकडून परत आलेले औषध दानात देऊ नये, पोहोचतेवेळी सामान्यतः एक वर्षाची तरी मुदत शिल्लक असावी, आणि घेणाऱ्याची गरज विचारूनच द्यावे, हे त्यांतील मुख्य.

गरज खरीच आहे. २००७ मध्ये आरोग्यश्री योजना आली, गरिबाच्या शस्त्रक्रियेची सोय झाली. २०१८ पासून शहरात बस्ती दवाखानेही निघाले. परंतु रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. आमच्या गोदामातील परगावचा हमाल, त्याचे शिधापत्रक गावी. दिवसा दवाखाना उघडा असतो तेव्हा हा लॉरी उतरवीत असतो. सायंकाळच्या धर्मार्थ दवाखान्यावाचून त्यास आधार नाही, आणि तेथील कपाट महिनाअखेर रिकामे होते.

म्हणून पेट्या फिरविणे बंद करून डॉक्टरांकडून दरमहा यादी घ्यावी व तीच औषधे, जनऔषधी केंद्रांतील स्वस्त दराची का होईनात, ताजी विकत घेऊन द्यावी. पेटी देताना छायाचित्र निघते, हुंडीचे निघत नाही, ही अडचण आम्ही जाणतो. येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आधी एक दिवस आमच्याबरोबर औषधे निवडावयास बसावे.