पऱ्हाटीवरचे विष आणि आठवणींचे औषध

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, आदिलाबाद आणि यवतमाळच्या पऱ्हाटीवर, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके वर्षानुवर्षे फवारली गेली. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. या गटाचे विष ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे एन्झाइम कायमचे बंद पाडते. अल्झायमरवरचे डोनेपेझिल हेच एन्झाइम रोखते, पण तात्पुरते आणि मोजून. त्यामुळे स्मृतीला लागणारे ॲसिटिलकोलिन मेंदूत थोडे जास्त टिकते. विष की औषध, हे पकड किती घट्ट आणि मात्रा किती यावर ठरते. अल्झायमरसाठी एन्झाइम रोखणारे नवे रेणू रचणाऱ्यांची खरी कसोटी इथेच आहे.

अशा रेणूंची रचना व्हावी का? व्हावी, असे माझे मत आहे. डोनेपेझिलला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६मध्ये. ते लक्षणे काही काळ सावरते, आजार थांबवत नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. इतक्या माणसांना तीस वर्षांपूर्वीच्या गोळीवर सोडून देणे मला पटत नाही.

मात्र विरोधी बाजूही हलकी नाही. टॅक्रिन हे अल्झायमरवरचे १९९३चे पहिले औषध यकृताला इजा करते म्हणून मागे पडले. पुढे बेस-१ या एन्झाइमवर मोठी आशा बांधली गेली, कारण मेंदूत साचणारे ॲमिलॉइड त्याच्याच कापणीतून तयार होते. ते रोखणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅटने ॲमिलॉइड कमीही केले. तरी चाचण्या २०१७ आणि २०१८मध्ये थांबवाव्या लागल्या; आजाराच्या सुरुवातीला असलेल्या रुग्णांची बुद्धी तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त ढासळली. हे एन्झाइम चेतापेशींतली इतरही कामे करते. ते सरसकट दाबले की तीही अडतात. संगणकावर रेणू एन्झाइमच्या खोबणीत चपखल बसला, एवढ्यावरून त्याला औषध म्हणता येत नाही. सरकारी पैसा अशा कागदी जुळणीला न देता, थकलेले यकृत आणि मंदावलेले हृदय घेऊन जगणाऱ्या म्हाताऱ्यांत रेणू सुरक्षित ठरेल का, हे लवकर तपासणाऱ्या कामाला द्यावा.

दुसरी अडचण जवळची आहे. आपल्या गावांत "म्हातारचळ लागला" म्हटले की विषय संपतो. निदान झाले नाही, तर डोनेपेझिलची गोळीदेखील घरात येत नाही, नवी कुठून येणार? शिवाय स्मृतीच्या बऱ्याच चाचण्या अक्षरओळख गृहीत धरतात. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षरांसाठी हिंदीत चाचणी बेतली गेली, तसे काम गोंडी, कोलामी, आणि सीमेवरच्या मराठी-तेलुगू मिसळीत बोलणाऱ्यांसाठीही हवे. नव्या औषधाच्या चाचणीत हे लोक आलेच नाहीत, तर ते त्यांना मानवते की नाही, हे कळणार कसे? म्हणून संशोधनाच्या निधीतला एक वाटा आदिलाबादच्या रिम्ससारख्या वैद्यकीय महाविद्यालयांत स्मृतितपासणीसाठी राखून ठेवावा, आणि तो पहिल्या वर्षापासून द्यावा.